सांभाला काय माहीत?

नळदुर्गात पाऊस कमी पडतो, सुविचार कमी पडत नाहीत. बोरी धरण भरून सांडलं तर किल्ल्यातले नर-मादी धबधबे सुरू होतात. नाही भरलं तर बघायला आलेले पाहुणे कोरड्या भिंतीपुढं फोटो काढून परत जातात. मोबाईलचं तसं नाही. पहाटे पाचला, कोंबडं आरवायच्या आत, पहिला सुविचार येऊन पडलेला असतो. मागं सूर्योदय, पुढं वाफाळता चहा, कपाशेजारी गुलाब आणि खाली वपु. कधी पुलं. कधी गुलजार. मध्यंतरी एक वाक्य सकाळी कलामसाहेबांच्या नावानं आलं, दुपारी ते विवेकानंदांचं झालं आणि दिवेलागणीला चाणक्याचं. एका दिवसात तेवीसशे वर्षं मागं जायला माणसाला जमत नाही, सुविचाराला जमतं.

हिशेब सोपा आहे. पुलं गेले 12 जून 2000 रोजी. वपु गेले 2001 च्या जूनमध्ये. व्हॉट्सअ‍ॅप निघालं 2009 साली. म्हणजे दोघांनीही ही भानगड डोळ्यांनी पाहिली नाही. तरी दोघांचं लेखन जोरात चालू आहे. हयातीत जेवढं लिहिलं त्यापेक्षा जास्त ते वर गेल्यावर लिहितायत. नात्यांवर लिहितात, सुनांवर लिहितात, पोरांच्या मोबाईलच्या वेडावरसुद्धा लिहितात. मानधन कुठं जमा होतं तेवढं मात्र कळत नाही.

वपुंच्या बाबतीत थोडा दोष त्यांच्याही पदरात घालावा लागेल. 'वपुर्झा' हे पुस्तकच वेच्यांचं. कुठलंही पान उघडावं, चार ओळी उचलाव्यात, पुस्तक मिटून ठेवावं. वाचकाला एकदा ही सवय लागली की त्याला कथा नको होते, पात्रं नको होतात, त्याला नुसता अर्क पाहिजे असतो. आणि अर्क एकदा बाटलीत भरला की बाटलीवर कुणाचं लेबल आहे हे दुकानदार ठरवतो.

पूर्वी शाळेत फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात 'आजचा सुविचार' असायचा. मॉनिटरनं यायचं, कालचा पुसायचा, आजचा लिहायचा. त्याच्याखाली नाव नसायचं. नेहमी खरे बोलावे, हे कोण म्हणालं? गुरुजी म्हणाले. गुरुजींना कोण म्हणालं? असं विचारणाऱ्याला अंगठे धरून उभं राहावं लागे. पण ती पद्धत एका परीनं प्रामाणिक होती. वाक्य बरं वाटलं तर घ्या, नाहीतर सोडा. मोठ्या माणसाची चिठ्ठी घेऊन ते दारात उभं राहत नव्हतं. आता वाक्य कुणी वाचत नाही, आधी खालचं नाव वाचतात. नाव मोठं असलं की वाक्य आपोआप खोल होतं.

आमच्या गावात साहित्य-सिनेमाची आवड असलेल्या मंडळींचा एक ग्रुप आहे. राजकारण नको, जातपात नको, प्लॉटच्या जाहिराती नकोत. आवडलेलं पुस्तक, जुना पिक्चर, लक्षात राहिलेलं वाक्य, एवढंच टाकायचं. कल्पना नामी. पण पुस्तक वाचायला आठवडा लागतो, पिक्चर बघायला तीन तास लागतात आणि वाक्य टाकायला अंगठा लागतो. शर्यत कोण जिंकणार हे उघड आहे.

एकदा तिथं 'शोले' निघाला. 'शोले' म्हणजे 1975 चा पंधरा ऑगस्ट. पन्नाशी उलटलेल्या माणसाला त्यावर बोलायचा जन्मसिद्ध हक्क आहे. लगेच एकानं गब्बरचा तो जगप्रसिद्ध सवाल टाकला. सांभाला हाक मारून माणसं किती होती, असं विचारणारा. दुसऱ्यानं टाळ्या टाकल्या. तिसऱ्यानं आगीची चित्रं टाकली. आता हा सवाल आपल्यातल्या प्रत्येकानं लग्नात, क्रिकेटच्या मैदानात, ग्रामसभेची हजेरी घेताना म्हटलेला आहे. पण पिक्चरमध्ये तो नाही.

जरा आठवा. रामगढवर गेलं कोण होतं? कालिया आणि त्याच्याबरोबरचे दोघं. मार खाऊन परत आलं कोण? तेच. मग समोर किती माणसं होती हे कोण सांगणार? गब्बर ते कालियाला विचारतो. सांभा तर वर खडकावर बंदूक घेऊन बसलेला. तो जागचा हललेला नाही. त्याला विचारलेला प्रश्न वेगळा आहे. सरकारनं आपल्यावर इनाम किती लावलंय, हा. आणि त्याचं उत्तर तो चोख देतो, पन्नास हजार. गब्बर डाकू असेल, पण कुणाला काय विचारावं हे त्याला कळत होतं. आपण दोन्ही प्रश्न एकत्र शिवले आणि बिचाऱ्या सांभाला न गेलेल्या मोहिमेचा जाब विचारत बसलो. जो गेला त्याला विचारायचं नाही, जो उंचावर बसलाय त्याला विचारायचं, ही रीत पुढं आपण सार्वजनिक जीवनातही लागू केली.

हे ग्रुपवर लिहिलं तर एक मित्र म्हणाले, "राहू द्या ओ सर, भावना समजून घ्या." त्याच मित्रांच्या वडलांकडे 'शोले'च्या संवादांची तबकडी होती. पॉलिडोर कंपनीनं गाण्यांच्या तबकड्यांबरोबर नुसत्या संवादांच्याही काढल्या होत्या आणि त्या तुफान खपल्या. लग्नाच्या मांडवात, पानाच्या टपरीवर, यात्रेत तंबूच्या टॉकीजबाहेर त्या कर्ण्यावर वाजायच्या. त्या काळच्या माणसाला गब्बर पाठ होता तो मागच्या-पुढच्या शांततेसकट. कोण कुठं थुंकतो, कुठं गोळी सुटते, कुठं कुणी हसायला लागतं, सगळं ठाऊक. त्यानं सांभाला चुकीचा प्रश्न विचारला नसता. आठवण कच्ची झाली ती साधनं वाढल्यावर.

पण सगळा दोष मोबाईलवर ढकलून मोकळं होण्याची सोयही इतिहासानं ठेवलेली नाही. 1936 साली प्रभातचा 'संत तुकाराम' आला. दामले-फत्तेलाल दिग्दर्शक, विष्णुपंत पागनीस तुकोबा. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला, हे आपण अभिमानानं सांगतो. त्यात बीज, अंकुर आणि वृक्षाचं एक गाणं आहे. आजही भजनाला म्हणतात, कीर्तनकार त्यावर निरूपण करतात, आणि हमखास सांगतात की तुकोबा म्हणून गेले. ते तुकोबांचं नाही. ते शांताराम आठवल्यांनी पिक्चरसाठी लिहिलं. इतकं बेमालूम की अभ्यासकही ते गाथेत शोधत बसले, असं सांगतात. आठवल्यांच्या हयातीतच त्यांचं गाणं तीनशे वर्षं जुनं झालं. कवीला यापेक्षा मोठी दाद नाही, आणि यापेक्षा मोठा अन्यायही नाही.

फरक एवढाच की आठवल्यांनी आपलं चांगलं तुकोबांच्या तोंडी घातलं. आपण आपलं टुकार वपुंच्या गळ्यात मारतो.

जुन्या मराठी पिक्चरमधल्या वाक्यांचं आणखी एक बघण्यासारखं आहे. धनंजय मान्यांचा पत्ता विचारणारं वाक्य 1988 पासून पोरंटोरं म्हणतायत, ते म्हणोत. त्यात कुणाचं काही जात नाही. पण 'सामना' घ्या. जब्बार पटेलांचा पिक्चर, तेंडुलकरांचं लेखन, निळू फुल्यांचा साखरसम्राट हिंदुराव आणि लागूंचा दारूत बुडालेला मास्तर. 1975 साली तो बर्लिनच्या महोत्सवात गेला होता. त्यात मारुती कांबळेविषयीचा एक प्रश्न आहे. तो मास्तर विचारतो आणि हिंदुरावाची झोप उडते. हल्ली हा प्रश्न निवडणुकीच्या सभांत ऐकू येतो, आणि विचारणारे कोण? स्टेजवर बसलेले हिंदुरावच. एक हिंदुराव दुसऱ्या हिंदुरावाला मारुती कांबळेबद्दल विचारतो, खाली पाचशे रुपये घेऊन बसलेली मंडळी टाळ्या वाजवतात, आणि मास्तर देशी दारूच्या दुकानापुढं आहे तिथंच आहे. पिक्चर पाहिला असता तर निदान पन्नास टक्के वक्त्यांना ते वाक्य तोंडात घ्यायची लाज वाटली असती. पन्नास म्हणजे मी उदारपणे धरलेत.

'श्यामची आई'चं थोडक्यात सांगतो, कारण त्यावर वाद घालणारा मनुष्य महाराष्ट्रात जगू शकत नाही. साने गुरुजींनी ते 1933 च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात चार-पाच दिवसांत लिहिलं. अत्र्यांनी त्याचा 1953 साली पिक्चर केला. त्याला पहिलं राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. आमच्या ग्रुपवर मातृदिनाला ते पुस्तक शंभर टक्के आवडतं. पुस्तकात एकंदर किती रात्री आहेत असं एकदा विचारलं, तर एकानं एक हजार एक सांगितल्या. श्यामच्या आईनं त्याला अरबी कपडे घातले असते का, हा प्रश्न मी गिळला.

आता मुद्द्याचं.

आमच्या भागात सर्वांत जास्त फिरणारं इंग्रजी अवतरण पुलंचं नाही, शेक्सपिअरचंही नाही. ते लॉर्ड मेकॉलेचं आहे. मेकॉलेचं काळं-पांढरं चित्र, खाली 2 फेब्रुवारी 1835 ही तारीख, ब्रिटिश पार्लमेंटात केलेलं भाषण असा शिक्का, आणि मजकुराचा आशय असा की मी हिंदुस्थान उभाआडवा फिरलो, मला ना भिकारी दिसला ना चोर, इतका हा देश श्रीमंत आणि नीतिमान, तेव्हा त्याचा कणा मोडायचा तर त्याचं शिक्षण बदला. दर पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला ते येतं. ऊर भरून येतो. इतका, की तारीख तपासायला जागा उरत नाही.

मेकॉले 1834 च्या जूनमध्ये मद्रासला उतरला. 2 फेब्रुवारी 1835 ला तो कलकत्त्यात होता. लंडनचं पार्लमेंट तिथून बोटीनं कैक महिन्यांवर. त्या तारखेला त्यानं काही लिहिलं हे खरं. ते शिक्षणावरचं टिपण, तिथंच कलकत्त्यात. त्यात ना भिकारी आहेत, ना चोर, ना आपली स्तुती. उलट आपल्या सगळ्या ग्रंथसंपदेची त्यात जी किंमत केलीय ती वाचून कुणाचंही रक्त तापावं. म्हणजे राग यायला खरा कागद हाताशी होता. पण तो वाचावा लागतो. आपल्याला रागाच्या आधी कौतुक पाहिजे होतं, तेही इंग्रजाच्या तोंडून, म्हणून आपण त्याच्याच नावानं ते लिहून घेतलं.

आणि हे नळदुर्गात फिरतं, यातली गंमत बाहेरगावच्या माणसाला कळायची नाही.

निजामानं 1853 साली फौजेच्या देण्यापोटी जो मुलूख इंग्रजांकडं सोपवला, त्यात आमचा भाग होता. नळदुर्ग तेव्हा जिल्ह्याचं ठिकाण. तिथं अंमलदार म्हणून आला कर्नल फिलिप मेडोज टेलर. 1857 पर्यंत होता. पंधरा वर्षांचा असताना घरून निघून हिंदुस्थानात आलेला हा पोरगा तरुणपणी तुळजापूर भागात पोलिसाचं काम करून गेला होता, त्यामुळे इथली माती त्याला नवी नव्हती. आमचा किल्ला, बोरीचं वळण, बंधारा यांचं वर्णन त्याच्या आत्मचरित्रात आहे. ते 1877 साली, त्याच्या माघारी, छापून आलं. तुळजापूरच्या देवळातल्या पुजाऱ्याच्या विधवा मुलीला नायिका करून त्यानं 'तारा' नावाची जाडजूड कादंबरी लिहिली, 1863 साली. काळ अफझलखानाच्या स्वारीचा. म्हणजे आई भवानीच्या पायरीवर उभी असलेली इंग्रजी कादंबरी दीडशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये वाचली गेली, आणि तुळजापूरच्या स्टँडवर ती कुणाला विचारली तर उत्तर मिळतं, "तारा लॉज का? पुढं डाव्या हाताला."

पण टेलरचं नाव झालं ते त्याआधीच, 1839 साली. पुस्तक ठगांवरचं. अमीर अली नावाचा ठग माफीचा साक्षीदार होऊन आपली कहाणी सांगतो आणि न लाजता सांगतो की आपण 719 माणसं मारली. गळ्यात रुमाल टाकून, रस्त्यावर ओळख काढून, जेवणखाण एकत्र करून. विलायतेत त्या पुस्तकानं खळबळ उडवली. व्हिक्टोरिया राणीला एवढी घाई झाली, की बांधणी व्हायच्या आतच तिनं छापील पानं मागवून घेतली, असं सांगतात. टेलरनं ठगांचे जबाब स्वतः नोंदवलेले होते. स्लीमनचं ठगांचा बंदोबस्त करणारं खातं 1835 साली नीट उभं राहिलं, तेव्हा हैदराबादकडच्या या सगळ्या वाटा टेलरच्या पायाखालच्या होत्या.

साल पुन्हा बघा. 1835. ठगांसाठी स्वतंत्र खातं निघालं ते साल, आणि मेकॉलेला अख्ख्या हिंदुस्थानात एकही चोर दिसला नाही तेही साल. पहिली गोष्ट ज्यानं लिहिली तो माणूस आमच्या किल्ल्यात राहून गेला. दुसरी गोष्ट आमच्या मोबाईलमध्ये राहते. गावानं दोहोंतून निवड केलेली आहे.

इंग्रजानं लिहिलं ते सगळं खरं धरा, असं मी म्हणत नाही. ठगांचा आकडा साहेबांनी फुगवला, ठगांच्या नावाखाली भटक्या माणसांवर शिक्के मारले, अशी टीका पुढच्या अभ्यासकांनी केलेली आहे आणि त्यात दम आहे. टेलरशी भांडा ना. खुशाल भांडा. पण भांडायला आधी पुस्तक उघडावं लागतं. 2018 च्या दिवाळीत आमिर खानचा ठगांवरचा पिक्चर येणार म्हटल्यावर तो याच कादंबरीवरून काढलाय अशी हवा झाली; तसं काही नाही हे त्यांनीच सांगितलं. पिक्चर पाहिल्यावर आमचीही खात्री पटली. कुठलंही पुस्तक वाचून तसा पिक्चर काढता येत नाही.

अवतरण कसं टिकवावं याचा नमुना बघायचा तर किल्ल्यात जा. बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीतला, 1613 चा. मीर महंमद इमादीन हा त्याचा कारागीर. बंधारा वाहता असला की महालाच्या झरोक्यापुढून पाणी कोसळतं, कानठळ्या बसतात आणि आत पायाखालची फरशी कोरडी. तिथं फारसी शिलालेख आहे. बंधारा पाहून दोस्तांचे डोळे उजळावेत आणि दुश्मनांच्या डोळ्यांपुढं अंधारी यावी, अशा अर्थाचा. दगडात एकेक अक्षर छिन्नीनं काढायचं म्हटल्यावर माणूस फालतू वाक्य निवडत नाही, आणि दुसऱ्याचं नाव तर अजिबात टाकत नाही. मजुरी द्यावी लागते.

तिथं आता पोरं रील काढतात. शिलालेखाकडं पाठ, धबधब्याकडं तोंड, वर एखादं हिंदी गाणं आणि खाली पाण्यावरच्या चार ओळी. गुलजारच्या. गुलजारसाहेब नळदुर्गच्या पाण्यावर इतकं लिहितायत, तर नगरपरिषदेनं त्यांचा एकदा सत्कार करायला हरकत नाही. ज्यांना रील परवडत नाही ते किल्ल्याच्या भिंतीवर गाडीच्या किल्लीनं बदाम काढून त्यात दोन नावं घालतात. त्यांचं मला एवढं वाईट वाटत नाही. निदान नावं तरी खरी असतात.

तर मी टेलरबद्दल ग्रुपवर लिहिलं. नेहमीपेक्षा लांब, फोटोशिवाय. दुपारपर्यंत सामसूम. मग एकानं विचारलं, "पीडीएफ आहे का?" दुसऱ्यानं विचारलं, "मराठीत आहे का?" तिसऱ्यानं, "पिक्चर कुठं बघायला मिळंल?" एका निवृत्त गुरुजींनी सकाळी सकाळी खुनाबिनाचं टाकू नये, मनावर परिणाम होतो, अशी समज दिली आणि खाली मेकॉले चिकटवला.

रात्री ॲडमिनचा खासगीत फोन आला. भला माणूस. म्हणाला, "सर, मटेरियल एक नंबर आहे. फक्त लई लांबतंय. मी दोन ओळीत बसवतो. खाली टेलरसाहेबाचं नाव, मागं आपला पाणीमहाल, वर सूर्योदय. चालंल न्हवं?"

मी म्हटलं, "चालेल. पण आकडा नीट टाका. सातशे एकोणीस."

"ते बघा सर, सातशे एकोणीस वाचायला बरं वाटत न्हाई. सरळ हजार करून टाकतो."

कादंबरीत अमीर अलीची एकच तक्रार आहे. मध्येच पकडलं गेलो, नाहीतर हजार पुरे केले असते. ते काम एकशे ऐंशीहून जास्त वर्षांनी आमच्या ॲडमिननं रात्री साडेनऊला, जेवण झाल्यावर, एका अंगठ्यानं करून टाकलं.